कशाची कवडी

मृण्मयी हे नाव मनकर्णाबाईंच्या तोंडात बसेना. त्यांनी आधी मुरमई म्हणून पाहिलं, मग मिनमई, आणि शेवटी धाकट्या सुनेपुढे हात जोडून सांगितलं, की बाई, कागदावर जे लिहायचं ते लिही, पण मी एवढी हाक मारेपर्यंत पोट्टी पाळण्यातून उतरून शाळेत जाईल. तेव्हा बारशाला कानात सांगायचं नाव वेगळं ठेवायचं, घरातल्यासारखं, असं ठरलं. ते सांगायचं आत्यानं. आत्या एकच, अकोल्याची पौर्णिमा.

पौर्णिमा भाऊबीजेला आली. अकोल्याहून परतवाड्याची बस आणि तिथून चांदूर बाजारच्या वाटेवरची जीप धरून ती फाट्यावर उतरली, तेव्हा थोरला भाऊ बंडू मोटरसायकलला टेकून उभा होता. त्यानं पिशवी घेतली, प्रवास कसा झाला ते विचारलं नाही. एकच सांगितलं, पऱ्हाटी फुटली.

फुटली म्हणजे सगळी कपाशी एकदम. पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला होता, बोंडं मुठी आवळून बसली होती. मग ऊन पडलं आणि आठवड्यात वावर पांढरं झालं. एरवी ही आनंदाची गोष्ट. पण वेचायला बाया नव्हत्या. पलीकडच्या गावचा एक मोठा शेतकरी दारात गाडी उभी करून बायांना नेत होता. त्याचं आटोपल्याशिवाय त्या मोकळ्या होणार नव्हत्या, आणि मोबाइलवर तर आठवड्याअखेर ढग दाखवत होते. भिजला कापूस की पिवळा पडला, आणि पिवळ्या कापसाला व्यापारी लांबूनच हात दाखवतो. त्यातच बंडूची बायको वच्छला दिवाळीच्या झाडझुडीत शिडीवरून पडली होती. उजवा हात प्लास्टरात होता.

"मंग?" पौर्णिमानं मागं बसल्या बसल्या विचारलं.

"मंग काय. आपुनच," बंडू म्हणाला.

नितेश, धाकटा, पुण्याहून बायको-लेकरासह आधीच आला होता. त्याची बायको माधवी मोर्शीची. बाळंतपण माहेरी होऊन ती आता सासरी आली होती, आणि बारसं रविवारी करायचं होतं. पौर्णिमानं हातपाय धुऊन भाचीला मांडीवर घेतलं. पोर शांत होती. मूठ तोंडात घालायचा प्रयत्न करायची, मूठ गालावर जायची, तरी रडायची नाही, पुन्हा प्रयत्न करायची. पौर्णिमाला ती फार आवडली.

"ताई, नाव ठरलंय," नितेश म्हणाला. तो उत्साहात होता. "तुझंच ठेवायचं. बाबा तुला म्हणायचे ते. कवडी."

पौर्णिमानं मान वर केली नाही. पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"दुसरं पाहा," ती म्हणाली.

"अगं का? इतकं गोड नाव."

"मी ते कानात सांगणार नाही, नितेश. दुसरं कोणतंही सांग."

नितेशला ते समजलं नाही. तो हसत हसत माधवीला सांगू लागला, की दिवाळीत ओसरीवर कवड्यांचा डाव मांडला जायचा, बाबा नेहमी ताईला आपल्या बाजूला घ्यायचे, आणि ताईनं दान टाकलं की म्हणायचे, माझी कवडी पडली. पौर्णिमानं विचारलं, हे तू पाहिलंस कधी? तुझा तर तेव्हा जन्म नव्हता. नितेश म्हणाला, बाबाच सांगायचे ना, दर दिवाळीला.

स्वयंपाकघरात मनकर्णाबाई गाडग्यात विरजण लावत होत्या. सकाळी सीतादही करायचं होतं. पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभात नेऊन सीतामाईला दाखवायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं, हे या घरात कधी चुकलं नव्हतं. दर वर्षी वच्छला करायची. तिचा हात असा, आणि नवरा, खुशालराव, गेल्यापासून मनकर्णाबाई पूजेला बसत नव्हत्या. म्हणजे यंदा पौर्णिमानं.

"कवड्या-बिवड्याची गोठ नाई ते," म्हातारी आतून म्हणाली. "दह्याची कवडी. हे जलमली तवा असं दही लागलं होतं, पळीनं काढलं तं कवड्या पडत. आन हेबी तशीच. ठेवली तिथं राहे. हालत नाई, रडत नाई. तुमचा बाप म्हने, पोट्टी नाई, दह्याची कवडी हाये."

"पाय, एक झाली अन् एक," वच्छला वहिनी डाव्या हातानं चहा गाळत हसली. "दोघायच्या दोन कवड्या."

 पौर्णिमाला तिसरी ठाऊक होती, आणि तीच खरी होती.

वावरात कवडी म्हणजे काय, ते कपाशीच्या गावात लहान लेकरालाही कळतं. बोंडात अळी शिरली, नाहीतर पाण्यानं एखादी पाकळी सडली, की ती नीट उमलत नाही. पिवळी, टणक, चिकटलेली राहते. ती कवडी. ती वेगळी वेचायची, वेगळ्या पिशवीत टाकायची. चांगल्या कापसात मिसळली तर सगळ्याच कापसाची किंमत जाते. तिसरी-चौथीत असताना पौर्णिमानं ती मिसळली होती. धुऱ्यावर सगळ्या वेचणाऱ्या बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यादेखत बाबांनी तिच्या कमरेची ओटी सोडून कापूस काळ्या मातीत ओतला होता. काय काय बोलले ते सगळं आठवत नव्हतं. त्यातला एकच शब्द आठवत होता. मग बायाही म्हणू लागल्या, आली वं कवडी.

ती तेव्हापासून वावरात जाईनाशी झाली. अभ्यासात डोकं घातलं, मामाकडे अकोल्याला शिकली, आता तिथेच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर काचेवरच्या रक्तात काय असायला हवं आणि काय नको ते वेगळं करायची. हे आपण कुठं शिकलो, असा विचार तिच्या मनात कधीमधी यायचा आणि ती तो पुढं जाऊ द्यायची नाही.

*

सकाळी दव उतरेपर्यंत वेचता येत नाही, तेवढ्या वेळात सीतादही उरकायचं. मनकर्णाबाई बंडूच्या मागं मोटरसायकलवर बसून आल्या. गुडघ्यांमुळे त्या धुऱ्यावर पोत्याच्या घडीवर बसल्या आणि तिथूनच हुकूम सोडू लागल्या. पाच दगड धुऊन मांड. असे नाई, उगवतीले तोंड करून. हळद, मग कुंकू. मग दही.

गाडग्यावरचं फडकं काढलं. दही घट्ट लागलं होतं. पौर्णिमानं पळी घातली, तर कापल्यासारखा तुकडा निघाला आणि भातावर तसाच उभा राहिला.

"पाय," म्हातारी धुऱ्यावरून म्हणाली. "काय म्हनलं म्या?"

पौर्णिमाला हसू आलं. तिनं ते वाकून लपवलं. दहीभात शिंपडत ती एका तासानं, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधून, टोकापर्यंत गेली. ओल्या पानांनी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. परत येऊन तिनं पहिलं बोंड वेचलं. पाची पाकळ्या एका ओढीत बोटांत आल्या, बोंडाचं टरफल रिकामं राहिलं. हात विसरला नव्हता.

पण पाठ विसरली होती. ऊन वर आलं तसं कमरेत कुणी खुंटी ठोकल्यासारखं झालं. बोंडाची वाळकी टोकं नखांच्या मुळाशी शिरत होती. बंडू पुढं निघून गेला होता. त्याचे दोन्ही हात दोन झाडांवर चालायचे, मान सरळ, जणू वेचतोय दुसराच कुणी. नितेशनं टोपी, गॉगल आणि हातमोजे घातले होते. हातमोज्यांना कापूस चिकटू लागला तेव्हा ते काढले.

दहाच्या सुमाराला कुलसुमबी आली. बायांची टोळी तीच चालवायची. टोळी पलीकडच्या गावी लावून ती एकटी मोकळी झाली होती. ती आणि पौर्णिमा एका वयाच्या. पाटी-दप्तर, बोरं, पऱ्हाटी, सगळं एकत्र झालेलं.

"काय वं अकोलेवाली," तिनं शेजारचा तास धरला. पौर्णिमाच्या बोटाकडे पाहिलं. "तू सुई टोचून रक्त काढाचे पैसे घेते म्हने. आमची पऱ्हाटी पाय, फुकट काढते."

"रिपोर्ट पन देते का?" पौर्णिमानं विचारलं. काल नितेशशी बोलतानाची तिची शहरी भाषा कधी गळाली ते तिला कळलं नाही.

"देते ना. रातच्याले पाठ देते रिपोर्ट."

दुपारी चिंचेखाली भाकरी सोडल्या. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि सकाळचा उरलेला दहीभात. नितेशनं पुन्हा विषय काढला. त्याचं आपलं साधं म्हणणं होतं. बाबांचा एक तरी शब्द घरात राहावा. आणि बाबांच्या तोंडात हाच शब्द असायचा, शेवटी दवाखान्यातसुद्धा विचारायचे, कवडी आली का.

पौर्णिमा दवाखान्यात तीन रात्री बसली होती. तिला ते ठाऊक होतं.

"तुले ठाऊक हाये का ते काऊन म्हणत?" ती म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं, ओटी, बाया, काळी माती. आवाज चढवला नाही. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं.

नितेश ऐकून घेत होता. मग मान हलवली.

"बाबा तसे नव्हते, ताई."

"मी नऊ वर्षांची होती, नितेश. मले आठवते."

"मी पण त्यांच्याजवळच वाढलो ना. मला कधी मोठ्यानं बोलले नाहीत. खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. तू लहान होतीस, तुला तसं वाटलं असेल."

"तुह्या वेळचे बाबा वेगळे अन् माह्या वेळचे वेगळे," पौर्णिमा म्हणाली. "तू आला तवा इहीर झाली होती. त्याच्या आंधी पान्यासाठी भांडून यायचा तो मानूस."

"पण ओटी ओतणं..." नितेश थांबला. त्याला बहिणीला खोटं म्हणायचं नव्हतं आणि बापालाही नव्हतं. तो बंडूकडे वळला. "दादा, तू सांग. असं झालं होतं?"

बंडू ठेच्याचं शेवटचं बोट चाटत होता. त्यानं जरा विचार केला.

"कवडी ना," तो म्हणाला, "ते गाईचं नाव."

"कशाचं?"

"गाय होती. पांढरी, अंगावर ठिपके. पौर्णी जलमली त्या हप्त्यात परतवाड्याच्या बाजारातून आनली. तिचं नाव कवडी. मंग बाबानं हिलेबी तेच लावलं. दोघी संगच घरात आल्या ना." त्यानं पाण्याचा तांब्या वर धरून घोट घेतला. "लय गुणाची गाय होती."

कुलसुमबीनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते. नितेशही हसला. पौर्णिमानं हसू आवरायचा प्रयत्न केला आणि घास घशात अडकला, तिला पाणी द्यावं लागलं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बंडूनं दिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. तो उठून वावरात गेलासुद्धा.

*

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे ढगाची पातळ पट्टी दिसू लागली. कुणी तिच्याबद्दल बोललं नाही, पण सगळ्यांच्या हातांचा वेग वाढला. वच्छला वहिनी एका हातानं वेचायला आली. बंडूनं दोनदा घरी जायला सांगितलं, ती दोनदा हो म्हणाली आणि गेली नाही.

नितेशला लय सापडली होती. काल त्याची ओटी अर्धीच भरायची, आज तट्ट फुगली होती. पौर्णिमाच्या आधी त्यानं तास संपवला आणि टोकाला पोचून दोन्ही हात वर केले, शर्यत जिंकल्यासारखे. कुलसुमबी म्हणाली, पुन्यात याले उगाच खुर्चीवर बसवलं.

धुऱ्यावर मोठं फडकं पसरलं होतं, त्यावर कापसाचा ढीग होता. नितेश ओटी रिकामी करायला तिथं गेला. बंडू तिथंच गाठोडं बांधत होता. ओटीतून कापूस ढिगावर पडणार, तेवढ्यात बंडूनं हात घातला. एक पिवळी पाकळी वर काढली. दुसरी काढली. मग मूठभर घेऊन उघडली, त्यात निम्म्याला कवड्या आणि काडीकचरा.

बंडूची मान लाल झाली. त्यानं नितेशच्या कमरेची गाठ ओढली, ओटी सोडवली, आणि फडक्यापासून लांब, काळ्या मातीत, सगळी उलटी केली.

"हे काय येचलं?" तो ओरडला. "सारी गंजी नासवतं का? डोये हायेत का कवड्या?"

वावर थबकलं. वच्छला वहिनीचा हात बोंडावरच राहिला. नितेश उघड्या कमरेनं उभा होता, गॉगल कपाळावर, तोंड थोडं उघडं. पुण्यात त्याच्या हाताखाली वीस माणसं होती. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

पौर्णिमा जिथं होती तिथंच उभी राहिली. अंगावर काटा आला होता, पण दुःखाचा नव्हता. बाबांचे त्या दिवशीचे शब्द तिला आठवत नव्हते, ते आत्ता आठवले. अख्खं वाक्य. हाच आवाज, हीच मान, हीच पद्धत ओटी उलटी करायची. तिच्याजवळ इतकी वर्षं त्या वाक्याचं शेपूट तेवढं उरलं होतं.

आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. ती धुऱ्यावर बसली आणि पोट धरून हसू लागली. कुलसुमबीला काय झालं ते कळलं नाही, पण हसू तिलाही लागलं.

"ताई, काय हसतेस?" नितेश दुखावून म्हणाला.

"बाबा तसे नव्हते ना?" पौर्णिमा म्हणाली. "तुले तसं वाटलं असन."

नितेशनं तिच्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, मातीतल्या कापसाकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. तो म्हणाला, "असं? हे असं?"

"अस्संच."

बंडू मात्र हसत नव्हता. तो ओशाळला होता. भावाकडे न बघता तो खाली बसला, मातीत उकिडवा, आणि सांडलेला कापूस उचलू लागला. माती झटकायची, कवडी इकडं, कापूस तिकडं, काडी फेकून द्यायची. एकेक पाकळी. मान खाली घालून, कुणी सांगितल्यासारखा.

"राहू द्या ना, मी करते," वच्छला म्हणाली.

"नाई. म्या ओतलं, म्याच येचतो. बाबानंबी असंच येचलं होतं."

पौर्णिमाचं हसू थांबलं. "कवा?"

"तवाच. तुही ओटी ओतली तवा. तू रडत घरी गेली. बाया उठून गेल्या. मंग तो बसला अन् सारं येचलं, अंधार पडेपर्यंत. म्या बैल धरून उभा होतो."

"अन् तू काल काऊन नाई बोलला? इतके वर्ष काऊन नाई बोलला दादा?"

बंडूनं मान वर केली. प्रश्नाचं त्याला खरोखर नवल वाटलं.

"त्यानं सांगतलं होतं ना," तो म्हणाला. "म्हने, कवडीले सांगू नको म्या येचलं म्हून. नाई तं पोट्टी पुन्हा मिसळवन. तं नाई सांगतलं."

 लांब रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. पौर्णिमा काचेखाली एखादी पेशी पाहावी तसं ते वाक्य पाहत होती. मग तिला त्यात काहीतरी दिसलं.

"दादा. बाबा काय म्हणाले? कोणाले सांगू नको?"

"कवडीले."

"तवाच म्हणाले? त्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे मी त्याच्या आंधीच कवडी होती."

"आंधीच तं," बंडू म्हणाला. "काल सांगतलं ना. गाय आली तवापासून."

पौर्णिमा उठली, त्याच्या समोर जाऊन बसली आणि मातीतला कापूस वेचू लागली. थोड्या वेळानं नितेशही आला. त्याला कवडी ओळखता येत नव्हती. ती एकेक पाकळी त्याच्या डोळ्यांपुढं धरायची, ही चांगली, ही नाही, ही बघ, कड पिवळी. तिघं तसे बसलेले पाहून कुलसुमबी म्हणाली, की खुशालरावाचे तिन्ही लेकरं मातीत खेळून राहिले, अन् वावर येचाले मी एकटी. कुणीतरी तिला बोंड फेकून मारलं.

*

ढग शनिवारी संध्याकाळी चढला, तेव्हा शेवटची गाठोडी बैलगाडीतून घरी येत होती. मधल्या खोलीत कापूस छातीपर्यंत चढला. पाऊसही आला, पण टिनावर चार थेंब वाजवून परतवाड्याकडे निघून गेला. बंडू म्हणाला, यासाठीच आपन पाठी मोडल्या. तरी तो रात्री लवकर झोपला, घोरला, आणि त्याचं घोरणं ऐकून वच्छला वहिनी बरं वाटल्यासारखी हसली.

रविवारी पाळणा त्याच कापसाच्या खोलीत टांगावा लागला, कारण दुसरीकडे आढं नव्हतं. बायका आल्या त्या कापसाला टेकूनच बसल्या. मागं इतकं मऊ लागल्यावर कुणाला उठवेना. घुगऱ्यांच्या परातीभोवती लेकरं जमली. माधवीनं मोर्शीच्या वाडीतली संत्री वाटली. मनकर्णाबाई पाळण्याच्या दोरीजवळ बसून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या की कागदावरचं नाव लय मोठं हाये, मले विचारू नोका.

नितेश पौर्णिमाच्या शेजारी येऊन उभा राहिला. वावरातल्या त्या दिवसानंतर त्यानं नावाचा विषय काढला नव्हता. हळूच म्हणाला, की ताई, तू दुसरं सांगितलंस तरी चालेल. खरंच. मी माधवीशी बोललोय.

"माधवीले सांग," पौर्णिमा म्हणाली, "कोणी विचारलं कशाची कवडी, तं चार उत्तरं हायेत. ज्याले जे पायजे ते द्या."

"चार?"

"डावाची, दह्याची, गाईची. अन् एक माही. ते मी पोट्टी मोठी झाल्यावर तिले सांगन. ओटी बांधून."

ती पाळण्याजवळ गेली. भाची जागी होती. मूठ आता तिला तोंडात घालता येऊ लागली होती. तिच्या कानाला पांढरा धागा चिकटला होता, मागच्या ढिगातला. पौर्णिमानं तो काढला, वाकली, कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र," ती म्हणाली, आणि नाव सांगितलं.

तेवढ्यासाठीच टपलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आत्यानं नाव सांगितलं की तिची पाठ सगळ्यांची. चार दिवस वाकून त्या पाठीची आधीच दैना झाली होती. सगळ्यात जोरात कोण मारत होतं ते तिला मागं न बघताही कळलं. "हे रिपोर्ट घे," कुलसुमबी म्हणत होती, "अन् हे बी घे, अकोलेवाली."

"कोन्तं ठेवलं वं, कोन्तं?" मागून कुणी विचारलं.

"कवडी," माधवीनं सांगितलं, आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "कशाची वं?" मग खोलीत एकदम तीन जण बोलू लागले. बंडूचा आवाज सगळ्यांत वर होता. तो गाईचे ठिपके कुठं कुठं होते ते सांगत होता.

सोमवारी सकाळी पौर्णिमाची बस होती. बंडूनं अंगणात मोटरसायकल काढली होती. पिशवीत दह्याचं गाडगं फडकं बांधून ठेवलं होतं, सरळ धरजो असं दहादा सांगून. ती चपला घालत होती, तेवढ्यात आतून म्हातारीची हाक आली.

"कवडे!"

"ओ," पौर्णिमा म्हणाली. म्हणाली आणि चप्पल अर्धी पायात तशीच उंबऱ्यापर्यंत गेली.

मनकर्णाबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"तुले नाई वं," त्या म्हणाल्या. "तिले." मग चुलीकडे हात केला. "पन आलीच हायेस तं त्या दुधावर झाकन ठेव."

पौर्णिमानं चपला काढल्या आणि आत जाऊन दुधावर झाकण ठेवलं.